भाषण गाजतं ते शब्दांमुळे की फेकीमुळे? नाशिकच्या एका साउंडवाल्याचं उत्तर

तुमचा प्रश्न असा आहे: काही नेते बोलायला लागले की अंगावर काटा येतो, आणि काहींचं भाषण चालू असताना लोक खुर्च्या सोडून वडापावच्या गाडीकडे जातात. मुद्दे तर दोघांचे सारखेच असतात. मग फरक शब्दांचा की बोलण्याच्या पद्धतीचा? आणि पहिल्यांदाच प्रचारात बोलणाऱ्याला हे शिकता येतं का?

फरक दोन्हींचा आहे, पण मैदानात फेकीचा, म्हणजे बोलण्याच्या पद्धतीचा जास्त. आणि फेकीतही सगळ्यात जास्त थांबण्याचा. मी वक्ता नाही. नाशिकमध्ये आमचा वडिलांपासूनचा साउंडचा धंदा आहे. सभा कुठल्याही पक्षाची असो, मी स्टेजच्या बाजूला मिक्सर घेऊन बसलेला असतो. तिथून नेत्याचं कानशील दिसतं आणि गर्दीचं तोंड दिसतं. कुठल्या वाक्याला लोक हलले आणि कुठल्या वाक्याला मोबाइल बाहेर निघाले, हे वक्त्याच्या आधी मला कळतं.

आधी आवाजाचं सांगतो, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथे आहे. नव्या उमेदवाराला वाटतं की ओरडलं की जोश येतो. तुम्ही ओरडलात की मी फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची पट्टी, खाली ओढतो. ओढावाच लागतो, नाहीतर आवाज फाटतो आणि भोंग्यातला आवाज काढणारा भाग, हॉर्नचा ड्रायव्हर, उडाला तर खर्च माझ्या अंगावर. मोठ्या सिस्टीमला कॉम्प्रेसर असतो, तो हेच काम आपोआप करतो. म्हणजे गळा फोडून तुम्ही जो आवाज काढता तो लोकांपर्यंत मोठा पोचतच नाही, फक्त चिरका पोचतो. उलट तुम्ही हळू बोललात तर मी वर घेतो. मग शेवटच्या रांगेतल्या आजोबांनाही वाटतं की हा माणूस आपल्याशीच बोलतोय. ज्यांना माइक कळतो ते पुढारी महत्त्वाचं वाक्य आलं की आवाज उतरवतात आणि तोंड माइकच्या थोडं जवळ नेतात. जवळ गेलं की खर्ज वाढतो, आवाज भरदार होतो. हे त्यांना कोणी शिकवलेलं नसतं, सभा करून करून अंगात येतं.

आता थांबण्याचं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. गोल्फ क्लब मैदानावर, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, शंभर मीटर मागे उभ्या असलेल्या माणसाला तुमचं वाक्य जवळपास पाव-एक तृतीयांश सेकंद उशिरा ऐकू येतं. त्याने टाळी वाजवली तर ती तुमच्याकडे परत यायला तेवढाच वेळ. म्हणजे पुढच्या रांगेची टाळी संपत आली तेव्हा मागची टाळी अजून वाटेत असते. घाईचा वक्ता पुढच्या रांगेकडे बघून लगेच पुढचं वाक्य सुरू करतो आणि मागच्यांची टाळी मधेच कापतो. असं दोन-तीनदा झालं की मागचे लोक टाळ्या वाजवायचं सोडून देतात. त्यांना कारण सांगता येणार नाही, पण आपल्याला कोणी विचारत नाही एवढं त्यांना कळतं. पुढच्या रांगेवर तसाही फार विश्वास ठेवू नका. तिथे कार्यकर्ते बसलेले असतात, ते ‘आगे बढो’साठीच आलेले असतात. खरी सभा मागे असते, बाइकवर एक पाय टेकवून ऐकणाऱ्यांमध्ये.

अटलबिहारी वाजपेयींचे व्हिडिओ या नजरेने बघा. वाक्याच्या अधेमधे ते इतका वेळ थांबतात की नवख्या माणसाला वाटावं, विसरले. पण तेवढ्या वेळात ऐकणारा ते वाक्य स्वतःच्या मनात पुरं करायला लागतो. मग ते जे बोलतात ते एकतर त्याच्या मनातलंच असतं, नाहीतर त्याला गंडवून भलतंच काहीतरी असतं. दोन्ही वेळा टाळी.

मराठीत तर ही सोय भाषेनेच करून ठेवलीय. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. ‘तुमच्या शेताचं पाणी, तुमच्या पोरांच्या नोकऱ्या, तुमच्या रस्त्याचे पैसे कोणी...’ इथे थांबलं की सगळं मैदान त्या ‘खाल्ले’ची वाट बघत उभं राहतं. क्रियापद पडलं की टाळी पडते. मॅक्स अॅटकिन्सन नावाच्या ब्रिटिश संशोधकाने १९८०च्या दशकात तिकडच्या पुढाऱ्यांच्या भाषणांच्या ध्वनिफिती तपासून दाखवलं होतं की टाळ्या ठरावीक घडणीच्या वाक्यांनाच पुन्हापुन्हा येतात. त्यातल्या दोन ठळक घडणी म्हणजे विरोध दाखवणारी जोडी आणि एकामागोमाग तीन गोष्टींची माळ. लोकांना वाक्य कुठे संपणार हे आधी कळलं तर ते एकत्र टाळी वाजवतात. नाही कळलं तर एखाददुसरी टाळी वाजते आणि लाजून बंद होते.

आणि नेमकं इथेच आमचे निम्मे पुढारी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात. वाक्य जोरात येतं, क्रियापद पडतं, लोक हात वर करतात, आणि साहेब त्याला शेपूट जोडतात: ‘...असं मी निश्चितपणाने या ठिकाणी आपल्याला सांगू इच्छितो.’ झालं, वर गेलेले हात खाली. ‘या ठिकाणी’, ‘त्या माध्यमातून’, ‘एक वेगळ्या प्रकारचं’, ‘खऱ्या अर्थाने’ ही श्वास घ्यायची ठिकाणं आहेत, हे मला मान्य आहे. कागद नसताना डोकं पुढचं वाक्य शोधत असतं, तोवर तोंडाला काहीतरी काम हवं असतं. पण श्वास घ्यायचा तर गप्प राहून घ्या. मी खाली बसून मनातल्या मनात ‘या ठिकाणी’ मोजत असतो, कधीकधी आमच्या पोरांमध्ये चहाची पैजही लागते. या ठिकाणी तपशील देत नाही.

आपल्याकडच्या श्रोत्याला साथ द्यायची सवय कीर्तनातून आहे. कीर्तनकार अभंगाचं चरण घेतो, फोड करतो, आणि दम घ्यायचा असेल तेव्हा चाल टाळकऱ्यांवर सोडून देतो. गावाकडच्या सभेत चांगला वक्ता हेच करतो, फक्त चरणाच्या जागी प्रश्न असतो. निफाडकडच्या एका सभेत एक उमेदवार कागद वाचत होता. कांदा निर्यातीचे आकडे, टक्केवारी, सगळं बरोबर असेल, पण लोक उठायला लागले. मग त्याने कागद घडी करून खिशात घातला आणि विचारलं, ‘आज लासलगावला काय भाव निघाला?’ समोरून पाच-सहा आवाज आले. तो काही बोलला नाही. आणखी आवाज आले, कोणीतरी शिवी हासडली, लोक हसले. तो तरीही गप्प. मग म्हणाला, ‘आणि तुम्हाला पडला कितीला?’ त्यानंतर त्याला फार काही बोलावं लागलं नाही. पुढचं सगळं भाषण लोकांनीच केलं.

ही तऱ्हा आमच्या जिल्ह्यात नवी नाही. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी १९८०च्या कांदा-ऊस आंदोलनात इथला मुंबई-आग्रा रस्ता अडवला, १९८६ला चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन भरवलं. हा माणूस शेतकऱ्याच्या घरातला नव्हता. स्वित्झर्लंडमध्ये बर्नला आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत नोकरी करून आलेला. आमचे वडील तेव्हा बॅटरीवर अॅम्प्लिफायर आणि झाडाला भोंगे बांधून अशा सभा करायचे. ते सांगतात की जोशी आरडाओरडा करायचे नाहीत, मास्तराने फळ्यावर गणित सोडवावं तसं उत्पादन खर्चाचं गणित मांडायचे. बियाणं इतकं, खत इतकं, मजुरी इतकी, आणि हातात आलं इतकं. उत्तर शेतकऱ्याला आधीच ठाऊक होतं, पण ते सगळ्यांदेखत कोणी मोठ्याने काढलं नव्हतं. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा त्या गणिताच्या शेवटी आली म्हणून लागली. नुसती भिंतीवर रंगवली असती तर घोषणांच्या गर्दीत गेली असती.

शब्दांची ताकद बघायची तर येवल्याला जावं लागेल. १३ ऑक्टोबर १९३५ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्माला येणं आपल्या हाती नव्हतं, पण हिंदू म्हणून आपण मरणार नाही. जन्म आणि मरण, हाती नसलेलं आणि हाती असलेलं, एवढ्याच चार खांबांवर ते उभं आहे. अॅटकिन्सनच्या जोडीचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. पण रचना चांगली म्हणून ते लागलं असं कोणी म्हणालं तर मी हात जोडेन. २ मार्च १९३०ला इथे नाशिकमध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता, पाच वर्षं तो चालला आणि दार उघडलं नाही. ऐकणाऱ्या प्रत्येकाला ती पाच वर्षं माहीत होती. तीच रचना दुसऱ्या कोणाच्या तोंडी नाटकातलं वाक्य वाटली असती.

म्हणून तालुक्याचा उमेदवार बाळासाहेबांची नक्कल करायला लागला की मला अवघडल्यासारखं होतं. ‘जमलेल्या माझ्या तमाम हिंदू बांधवांनो, भगिनींनो आणि मातांनो’ हे वाक्य बाळासाहेब ठाकरे बोलायचे तेव्हा भाषणाची अर्धी लढाई तिथेच जिंकलेली असायची, कारण लोक त्या वाक्यासाठीच आलेले असायचे आणि त्यानंतरच्या गर्जनेला ते पुरेसा वेळ द्यायचे. पुढचं भाषण मात्र गप्पा मारल्यासारखं असायचं, टोमणे, नकला, मधेच एखादा टोला. नक्कल करणारे गर्जना उचलतात, गप्पा उचलत नाहीत. आचार्य अत्र्यांची ‘गेल्या दहा हजार वर्षांत’वाली अतिशयोक्तीसुद्धा अशीच, ती हसत हसत केली तर शोभते. गंभीर चेहऱ्याने केली तर माणूस थापाड्या वाटतो.

कधीकधी फेक, शब्द सगळं बाजूला राहतं. १८ ऑक्टोबर २०१९ला साताऱ्यात शरद पवार भर पावसात बोलले. पवारांची फेक अशी काही नाही, संथ, सरळ. लोकसभेला उमेदवार निवडताना आपली चूक झाली, अशी कबुली त्यांनी त्याच भाषणात दिली होती. बाकी काय बोलले ते दहा माणसांना विचारा, दोघं सांगतील. भिजत उभं राहिलेलं चित्र मात्र दहाही जण सांगतील. माझ्या धंद्याच्या नजरेने सांगायचं तर पाऊस आला की आम्ही पहिल्यांदा वायरी आणि मिक्सर झाकायला धावतो, आणि नेते गाडीकडे. ते धावले नाहीत, एवढंच भाषण होतं.

टाळीवरून मताचा अंदाज मात्र बांधू नका. त्याच वर्षी लोकसभेला राज ठाकरेंच्या ‘लाव रे तो व्हिडिओ’ने महाराष्ट्रभर मैदानं गाजवली. आमच्या धंद्यातल्या लोकांसाठी तो वेगळाच प्रकार होता, स्क्रीन आणि माइक एकाच तालात चालवायचा, वक्त्याने इशारा केला की क्षणात क्लिप सुटली पाहिजे. त्यांच्या पक्षाचा एकही उमेदवार उभा नव्हता. निकाल लागला तेव्हा ज्यांच्याविरुद्ध ते बोलत होते त्या भाजप-शिवसेना युतीला राज्यात ४८ पैकी ४१ जागा मिळाल्या. लोक चांगलं भाषण ऐकायला येतात, त्याला दाद देतात आणि घरी जाऊन आपल्या हिशोबाने मत देतात. मला तरी यात काही गैर वाटत नाही.

तुम्हाला बोलायचंय, तर शिकता येतं का? बरंचसं येतं. पहिलं भाषण मैदानात करूच नका, सिडको-सातपूरच्या एखाद्या चौकसभेत करा, जिथे वीस माणसं चेहऱ्यासमोर असतात आणि कंटाळली की लगेच दिसतं. मे महिन्यात गोदाकाठी यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला असते, तिथे एक-दोन संध्याकाळी मागे बसून ऐका. व्याख्यान आणि सभा वेगळी, पण तासभर लोकांना बसवून ठेवणारा माणूस मधे किती वेळ गप्प असतो ते तिथे नीट ऐकू येतं. भाषण लिहून काढा, पण पाठ करा ती फक्त पहिली दोन आणि शेवटची दोन वाक्यं. मधलं मुद्द्यांवर बोला. फोनवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच रात्री ऐकू नका, त्याच रात्री सगळ्यांना आपण चांगलेच वाटतो.

व्यासपीठावरच्या मान्यवरांची यादी टाळता येत नाही हे मला माहीत आहे. एक नाव राहिलं तर रुसवा निवडणुकीपर्यंत पुरतो. ते काम सूत्रसंचालकावर सोपवा आणि तुम्ही एखाददुसऱ्याचं नाव मुद्द्याच्या ओघात घ्या, म्हणजे त्या माणसालाही बरं वाटतं आणि लोकांनाही. वेळेचं भान ठेवा. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा नियम २००० सालापासून आहे. मोठे नेते साडेनऊला पोचतात आणि तुमच्या वाट्याची पंधरा मिनिटं चारवर येतात. म्हणून चार मिनिटांचं भाषण कायम तयार असू द्या. बऱ्याचदा तेच चांगलं होतं.

आणि माइक हातात आला की त्यावर टकटक करू नका, फुंकर तर मुळीच मारू नका. ‘आवाज येतोय का?’ असंही विचारू नका. मी तो दुपारीच तपासलेला असतो.