इंटरव्ह्यूला निघतो अन् परत येतो

*ताई, मी रेल्वेतून निवृत्त झालो, मानेवाड्याला राहतो. मुलगा 25 वर्षांचा, बीकॉम. दोन वर्षं एमपीएससीचे क्लास केले, पण पूर्व परीक्षा काही निघाली नाही. तेव्हापासून घरीच आहे. रात्रभर मोबाइल, सकाळी अकरापर्यंत झोप. पाहुणे आले की खोलीचं दार बंद. मी ओळखीनं बुटीबोरीच्या एका कंपनीत इंटरव्ह्यू लावून दिला, तर स्टॉपवर उतरून तसाच परत आला. म्हणतो, छातीत धडधडत होतं. मला तर बहाणा वाटते. आता एक जण म्हणून राहिला, 3 लाखांत सरकारी खात्यात चिकटवून देतो. द्यावे का? — एक वडील*

भाऊ, बहाणाच करायचा असता तर तो घरातून निघालाच नसता. पोट दुखतं म्हणाला असता अन् पडून राहिला असता. हा मुलगा फाइल घेऊन, बस पकडून बुटीबोरीपर्यंत गेला आणि गेटच्या अलीकडे त्याचं अवसान गळालं. परत फिरल्यावर धडधड थांबली असणार. मनानं तेवढंच लक्षात ठेवलं, की परत फिरलं की बरं वाटतं. मग पुढच्या वेळी माणूस चौकातूनच फिरतो, त्याच्या पुढच्या वेळी अंथरुणातूनच उठत नाही. चिंता अशी वाढत जाते. त्यात तुमचा ओरडा पडला की कामाचं नाव काढलं तरी धडधड सुरू.

म्हणून इंटरव्ह्यू सध्या बाजूला ठेवा. ज्या कामात शिरताना परीक्षा द्यावी लागत नाही, तिथून सुरुवात करू द्या. बीकॉम आहे ना? इतवारी-गांधीबागेतल्या व्यापाऱ्यांचे हिशेब पाहणारे कर सल्लागार नागपुरात पुष्कळ आहेत. जीएसटीची दर महिन्याची विवरणपत्रं असतात: जीएसटीआर-1 भरायची तारीख महिन्याची 11, जीएसटीआर-3बीची 20. त्याआधीचे दिवस या ऑफिसांत बिलं टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायला हाताखाली माणूस मिळाला तर हवाच असतो. तुमची ओळख इथे वापरा. नोकरीसाठी शब्द टाकू नका, "महिनाभर पोराला बसू द्या, एंट्री शिकेल" एवढंच सांगा. पैसे मिळोत न मिळोत. फक्त तो सल्लागार रोज संध्याकाळी तुम्हाला फोन करून अहवाल देणारा नसावा.

तिथे बूड टेकलं की पुढचं. सिव्हिल लाइन्सला जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे. तिथे त्यानं एकट्यानं जावं, आधी नुसतं पाहून परत आला तरी चालेल. दुसऱ्या खेपेला एकच प्रश्न विचारून यायचा: मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत सध्या जागा आहेत का? 2024 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत पदवीधराला महिन्याला 10 हजार रुपये विद्यावेतन ठेवलं होतं. मुदत आधी सहा महिने होती, नंतर ती 11 महिने केली. कायम नोकरीचं आश्वासन त्यात नाही, हे त्याला आधीच स्पष्ट सांगा, नाहीतर पुन्हा मन मोडेल. शिकाऊ उमेदवारीची वाटही आहे. अप्रेंटिसशिप कायद्यात आता बीकॉमवालेही बसतात. आणि हिशेबात त्याचा जीव रमतच नसेल तर श्रद्धानंदपेठेतलं शासकीय आयटीआय पाहून यायला हरकत नाही. पंचविसाव्या वर्षीही तिथे प्रवेश मिळतो. वायरमनचा कोर्स केलेला बीकॉम मुलगा नातेवाइकांना खटकेल, खटकू द्या.

दोन वर्षं काय केलं, हा प्रश्न त्याला प्रत्येक ठिकाणी विचारतील. त्याची त्याला सर्वांत जास्त भीती असते. उत्तर घरीच बसवून ठेवा: "एमपीएससीची तयारी केली, निवड झाली नाही, आता अकाउंट्समध्ये काम करायचं आहे." एवढं पुरे, सफाई देत बसायची गरज नाही. आईसमोर, आरशासमोर, मोठ्यानं म्हणू द्या.

डॉक्टरांचं म्हणाल तर मी दाखवा असंच सांगीन. आपल्याकडे पागलखाना चौक हे नाव ऑटोवालासुद्धा सहज घेतो, त्यामुळे मानसोपचार म्हटलं की लोकांना थेट तोच चौक दिसतो. तसं काही नसतं. मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, मानसोपचाराची ओपीडी आहे, दाखवून त्याच दिवशी घरी येता येतं. धडधड खरंच चिंतेची आहे की आणखी कशाची, हेही तिथेच कळेल. तो जायला तयार नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक त्याला द्या. फोन फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःही करू शकता. मात्र जगून काय उपयोग असं काही तो बोलला, तर आयटीआय, जीएसटी सगळं राहू द्या, त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि त्याला एकटं सोडू नका.

घरात एक गोष्ट बंद करा: सकाळी उठल्या उठल्या "आज काय करणार?" हा प्रश्न. उठायची वेळ तेवढी रोज थोडी अलीकडे आणायची, त्यासाठी सकाळचं दूध-भाजी त्याच्याकडे सोपवा. लग्नात कोणी "पोरगा काय करून राहिला?" विचारलं तर उत्तर तुम्ही द्या, "अकाउंट्सचं काम शिकून राहिला," आणि विषय बदला.

राहिले 3 लाख. देऊ नका. असे पैसे घेणारे बहुतेक कोणालाच कुठे चिकटवत नाहीत, हातात खोटं नियुक्तिपत्र ठेवतात. आणि पैसे खरंच कुण्या अधिकाऱ्यापर्यंत पोचले तरी 2018 पासून लाच देणाराही कायद्यानं गुन्हेगार आहे, म्हणजे फसल्यावर तक्रारीला जातानाही तुम्हालाच घाम फुटेल. त्या माणसाला आजच फोन करून नाही म्हणा. घरात हे बोलणं मुलाच्या कानावर गेलं असेल, तर नाही म्हटल्याचंही त्याला सांगा. आपल्यापायी बाबांच्या फंडातले 3 लाख जाणार, हा हिशेब तो रात्री जागून करत असेल.