फॉर लूप थोडे दिवस बाजूला ठेव

प्रोग्रॅमिंग भाषांचा विषय घेतलास, फार बरं केलंस. पण सी आणि जावा येतं म्हणून या विषयातली हास्केल ही फंक्शनवर आधारलेली भाषा आठवड्यात उरकेल असं धरू नकोस. सुरुवातीला हात बांधल्यासारखं वाटतं: व्हेरिएबलची किंमत बदलता येत नाही, फॉर लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणारी रचना, नाही. यादीची बेरीज हवी? आधी विचार, रिकाम्या यादीची बेरीज किती? शून्य. नाहीतर पहिला आकडा अधिक उरलेल्यांची बेरीज. झाला प्रोग्रॅम.

१९७२ सालचं प्रोलॉग, तर्काच्या नियमांवर चालणारी भाषा, तर नक्की कर. त्यात दोन याद्या जोडणारं अपेंड आहे. त्याला उलटं विचार: कोणत्या दोन याद्या जोडल्या की १, २, ३ मिळेल? चारही उत्तरं येतात, रिकाम्या यादीसकट. हे पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मी लॅब बंद होईपर्यंत उठलो नव्हतो.

गणितज्ञ अलोन्झो चर्चचं लॅम्डा कॅल्क्युलस, म्हणजे फक्त फंक्शन वापरून गणना मांडायची पद्धत, वाचून कळत नाही, हातानंच सोडवावं लागतं. डोंबिवलीहून दादरला येताना बसायला मिळालं की मी वहीत तेच करायचो. एक कंस चुकला की पुढचं सगळं चुकतं, म्हणून पेन्सिल वापर.

आणि छोटा इंटरप्रिटर, म्हणजे दुसरा प्रोग्रॅम वाचून चालवणारा प्रोग्रॅम, स्वतः लिही. आधी बेरीज, मग व्हेरिएबल, मग फंक्शन. फंक्शनपाशी अडशील: बाहेरचा क्ष कुठला घ्यायचा, फंक्शन लिहिलं तिथला की बोलावलं तिथला? तिथे अडलास की मग पुस्तकातलं स्कोपचं, म्हणजे कुठलं नाव कुठे लागू पडतं याचं, प्रकरण उघड, त्याआधी नको.