पहिलं वर्ष टाळ्यांचं, दुसरं तुझं

प्रिय,

पुढच्या महिन्यापासून तू बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठराचं ऑपरेशन करणाऱ्या, टीममध्ये समुपदेशक म्हणून रुजू होतेस आणि "आधी काय वाचू?" असं विचारलं आहेस. वाचायचं नंतर सांगते, आधी तुझ्या खोलीतल्या खुर्च्या बघ. हातांची खुर्ची असेल तर ती बाहेर काढ आणि बिनहातांची, रुंद, मजबूत खुर्ची मागवून घे. मी नवीन असताना एक बाई आत आल्या, खुर्चीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "उभीच बरी आहे." मी आपली "बसा ना, बसा ना" करत राहिले. शेवटी बसल्या त्या अगदी कडेवर, दोन्ही हातांनी टेबल धरून. चाळीस मिनिटं उत्तरं मला देत होत्या, पण लक्ष सगळं खुर्ची करकरते का याकडे. त्या दिवशीच्या माझ्या नोंदीत लिहिलंय, 'मोकळेपणाने बोलत नाहीत.'

ऑपरेशनआधी तुझ्याकडे येणारा बहुतेक माणूस परीक्षेला बसल्यासारखा येतो. तुझा शेरा मिळाल्याशिवाय सर्जन तारीख देणार नाहीत, हे त्याच्या कानावर आलेलं असतं. मग तो कधी उदास होत नाही, रात्री उठून खात नाही आणि घरचे सगळे पाठीशी असतात. याला मी खोटेपणा म्हणत नाही. वजनावरून आयुष्यभर बोलणी खाल्लेला माणूस आणखी एका टेबलासमोर बसलाय, तो जपूनच बोलणार. म्हणून पहिल्या दोन मिनिटांतच सांगून टाक: "तुम्हाला नापास करायला मी बसलेली नाही. तुमच्या एखाद्या उत्तरामुळे तारीख पुढे ढकलावीशी वाटली, तर ती का, हे सर्जनच्या आधी तुम्हाला सांगेन." आणि दिलेला शब्द पाळ. जुनं नैराश्य, चालू असलेल्या गोळ्या, आवरता न येणारं खाणं, यातलं काहीच आपोआप ऑपरेशनच्या आड येत नाही. व्यसन चालू असेल, आजार काबूत नसेल, जीव नकोसा झाला असेल किंवा पुढे आयुष्यभर काय सांभाळावं लागणार हेच समजलं नसेल, तर थांबायचं. बहुतेकांच्या बाबतीत ते थांबणंच असतं, नकार नव्हे. हा फरक रुग्णाला कळेल अशा शब्दांत सांगणं हे तुझं काम.

खाण्याबद्दल विचारताना 'किती' विचारू नकोस; ते आहारतज्ज्ञांच्या वहीत असतं. "थांबावंसं वाटत होतं आणि थांबता आलं नाही, असं शेवटचं कधी झालं?" हे विचार. हाच प्रश्न ऑपरेशननंतरही उपयोगी पडतो. स्लीव्ह नावाच्या ऑपरेशनमध्ये जठराचा जवळपास तीन चतुर्थांश भाग किंवा त्याहूनही जास्त काढून टाकतात. बायपास या दुसऱ्या प्रकारात (हृदयाचा नव्हे, जठराचा) जठराची जी पिशवी उरते तिच्यात ३० मिलिलिटरच्या आसपास मावतं. एका बैठकीत ताटंच्या ताटं संपवणं शक्यच नसतं. म्हणून काही जण दिवसभर चिमूट चिमूट खात राहतात किंवा गोड, पातळ पदार्थांकडे वळतात, कारण ते अडत नाहीत. मापाने पाहिलं तर काहीच नाही, पण हातातून सुटल्याची ती भावना जुनीच असते.

पहिलं वर्ष बहुधा सोपं जातं. भुकेचं संप्रेरक घ्रेलिन, विशेषतः स्लीव्हनंतर, बरंच खाली येतं, दर महिन्याला कपडे सैल होतात, भेटेल तो तोंडभरून कौतुक करतो. मध्ये केस गळतात, कातडी लोंबते, त्याची कुरकुर असते, पण सूर एकूण खुशीचा. मन मात्र शरीराच्या मागे राहतं. चाळीस किलो उतरलेले एक गृहस्थ माझ्या दारातून आडवे होऊन आत यायचे. दार चांगलं रुंद होतं. मी काही बोलले नाही. चौथ्या की पाचव्या भेटीत त्यांच्याच ते लक्षात आलं आणि दारातच थांबून हसत सुटले.

खरं काम पुढे असतं. साधारण एक ते दोन वर्षांच्या दरम्यान काटा थांबतो, भूक परत येते, थोडं वजनही परततं, कौतुक करणारे आपापल्या कामाला लागतात. आणि नेमके तेव्हाच लोक यायचे बंद होतात. "कुठल्या तोंडाने येऊ?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की गैरहजेरी हेच मी लक्षण धरते.

आकडेही हेच सांगतात. अमेरिकेतल्या २०१२ च्या एका अभ्यासात दारूचा विकार ऑपरेशनआधी ७.६ टक्के लोकांत होता, पहिल्या वर्षी ७.३ आणि दुसऱ्या वर्षी ९.६ टक्के. बायपासनंतर दारू रक्तात लवकर आणि जास्त चढते, तेव्हा 'पूर्वी दोन पेग पचायचे' हा हिशेब चालत नाही. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात ८,८१५ रुग्णांची पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. स्वतःला इजा करून तातडीच्या विभागात येण्याचं प्रमाण ऑपरेशननंतर सुमारे दीडपट झालं होतं, आणि त्यातल्या बहुतेक घटना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या. असे रुग्ण एकूण १११ म्हणजे थोडेच, म्हणून येणाऱ्याला घाबरवू नकोस. पण "जगणं नको वाटतं का?" हे सरळ विचारायला कचरूही नकोस. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही.

आता माझी एक चूक. एक तरुण मुलगा ऑपरेशननंतर दीड-दोन महिन्यांनी आला. गप्प गप्प, प्रश्न परत विचारावा लागे, उलट्या होतात म्हणून जेवण नकोसं झालेलं. मी नैराश्याच्या वाटेने गेले आणि पुढच्या आठवड्याची वेळ दिली. तो निघाला तेव्हा भिंतीला हात लावत चालला होता, हे मी पाहिलं आणि सोडून दिलं. त्याच्या बहिणीने त्याच संध्याकाळी त्याला तातडीच्या विभागात नेलं म्हणून निभावलं. थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, संपलं होतं. त्याचा साठा शरीरात दोन-तीन आठवडेच पुरतो, आणि तो संपला की गोंधळलेपण, तोल जाणं, एकाचे दोन दिसणं सुरू होतं. उशीर झाला तर मेंदूचं नुकसान भरून येत नाही. तेव्हा उलट्या आणि गोंधळ एकत्र दिसले की समुपदेशन बाजूला ठेव आणि रुग्णाला स्वतः सोबत नेऊन डॉक्टरांसमोर उभं कर. गोळ्यांचंही तसंच: बायपासनंतर काही औषधं, विशेषतः हळूहळू विरघळणारी, पूर्वीसारखी शोषली जात नाहीत. उदासी परतली तर मनाचा शोध घेण्याआधी मनोविकारतज्ज्ञांना फोन लाव.

घरच्यांना निदान एकदा भेट. माणूस बदलला की घरातली जागाही बदलते. स्वीडनमधल्या दीर्घ पाहणीत ऑपरेशननंतर नाती तुटण्याचं आणि नवी जुळण्याचंही, दोन्ही प्रमाण वाढलेलं आढळलं होतं. जोडीदार अचानक कुरकुर करायला लागला तर त्याला खलनायक ठरवण्याची घाई नको. तो घाबरलेला असू शकतो.

एक सवय लाव. ऑपरेशनची तारीख ठरली की त्याच दिवशी डायरीत पंधराव्या, अठराव्या आणि चोविसाव्या महिन्यावर त्या माणसाचं नाव लिही आणि त्या दिवशी तू फोन कर. फोनवर वजन विचारायचं नाही. पलीकडून लगेच "परत वाढलंय हो" असं आलं, तर "बरं झालं बोललात, कधी येताय?" एवढंच. काटा तुझ्या खोलीत ठेवू देऊ नकोस. कुणीतरी ठेवायला येईलच.

वाचनाची यादी पुढच्या पत्रात. खुर्चीचा अर्ज मात्र आजच टाक, खरेदी विभागाला त्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो.

तुझी,
जुनी सहकारी