लढाईविना लष्करी नाटक

प्रश्न : लष्करी जीवनावरचे ‘अ सोल्जर्स प्ले’ हे अमेरिकी नाटक आमची हौशी मंडळी वाचत आहेत. त्यात एकही लढाई नाही. मग त्याचे एवढे कौतुक का?
– एक वाचक, देवळाली, नाशिक

उत्तर : चार्ल्स फुलर यांच्या या नाटकाला १९८२ मध्ये पुलित्झर पुरस्कार मिळाला. माझ्या मते त्याचे बळ बराकीतल्या माणसांत आहे. पहिल्याच प्रवेशात नशेत गुडघ्यांवर कोसळलेल्या सार्जंट वॉटर्सचा खून होतो आणि १९४४ च्या लुइझियानात, वर्णभेद उघडपणे पाळणाऱ्या सैन्यात, कॅप्टन डेव्हनपोर्ट हा कृष्णवर्णीय अधिकारी चौकशीला आल्यावर गोऱ्या कॅप्टन टेलरला त्याचा बरोबरीचा हुद्दाच सहन होत नाही. जबान्या सुरू असतानाच भूतकाळ त्याच रंगमंचावर उभा राहतो, त्यामुळे तालमीत प्रकाशयोजनेवर अधिक मेहनत घ्या. बंदुकांचे आवाज वाढवण्याची गरज नाही.