मध्येच थांबवलेला सिनेमा

"मॅडम, बाहेर रोज माणसं जातायत आणि मी घरात बसून विनोदी सिनेमे बघून हसतेय. माझं काळीज दगडाचं झालंय का हो?"

2020 चा ऑगस्ट चालू होता. जागतिक आरोग्य संघटनेने 11 मार्चला कोविडची महामारी जाहीर केली, त्याला पाच महिने झाले होते आणि समुपदेशनाची माझी सगळी सत्रं लॅपटॉपवर आली होती. त्या वर्षात हा प्रश्न मी किती जणांकडून ऐकला याची मोजदाद नाही. शब्द तेवढे बदलायचे. कुणाला बातम्या बंद करून सिनेमा लावला की चोरी केल्यासारखं वाटायचं, तर कुणी तोच एक सिनेमा नवव्यांदा बघून झाल्यावर 'डोकं ठिकाणावर आहे ना माझं?' म्हणून विचारायचं. वरचं वाक्य ज्यांचं, त्यांना इथे मेधाताई म्हणते. नाव बदललंय, ओळख पटेल असं बाकीचंही बदललंय. चाळिशीच्या उंबरठ्यावरच्या, घरून भाषांतराचं काम करणाऱ्या बाई. घरात नवरा आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई.

पहिलं सत्र जवळजवळ सगळं सिनेमांवरच गेलं. मला ते आवडलंही, खोटं कशाला बोलू? दिवसभर भीतीच्याच गोष्टी ऐकून कान किटले होते. त्यांच्या आवडीचे सिनेमे एकाच जातीचे: खलनायक असलाच तर बावळट, गैरसमज अर्ध्या तासात मिटणारे, आणि शेवटी सगळे एका खोलीत गोळा होऊन हसणारे. "शेवट आधीच माहीत असतो. म्हणून तर बघते," त्या म्हणाल्या.

यात अपराधी वाटण्यासारखं काही नव्हतं, आणि ते मी त्यांना स्पष्ट सांगितलं. ज्या दिवसांत उद्या काय होणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्या दिवसांत ज्याचा शेवट पाठ आहे अशा गोष्टीजवळ माणूस जाऊन बसणारच. बार्बरा फ्रेडरिकसन आणि रॉबर्ट लेव्हनसन यांचा 1998 चा एक प्रयोगही सांगितला. त्यांनी लोकांना आधी भीती वाटेल असा चित्रपटाचा तुकडा दाखवला आणि नंतर वेगवेगळ्या गटांना वेगवेगळे तुकडे दाखवले. ज्यांनी गमतीचा किंवा निवांत वाटेल असा तुकडा पाहिला, त्यांची वाढलेली धडधड बाकीच्यांपेक्षा लवकर जागेवर आली. भीतीने ताणलेलं शरीर हसण्याने सैल होतं, एवढंच यातून घ्यायचं. गेलेल्या माणसांविषयीचं दुःख त्याने कमी होत नाही. दुसऱ्या दिवशी कुणाची चौकशी करायला फोन उचलण्याइतकं त्राण मात्र उरतं.

मेधाताईंनी मान डोलावली. प्रश्न सुटला असं मलाही वाटलं. वेळ संपत आली तेव्हा त्या सहज म्हणून बोलून गेल्या, "फक्त मध्ये मध्ये थांबवावा लागतो."

"कशासाठी?"

"हात धुवायला."

निरोप घेता घेता, दाराच्या कडीवर हात ठेवून सांगितलेली गोष्ट हीच बहुतेकदा खरी तक्रार असते. व्हिडिओवर दार नव्हतं, कडी नव्हती, पण तसंच झालं. दोन तासांचा सिनेमा संपायला त्यांना चार तास लागत होते. पडद्यावर दोघांनी हात मिळवले, कुणी कुणाला मिठी मारली, की यांच्या तळव्यांना काहीतरी चिकटल्यासारखं व्हायचं. सिनेमा दहा-पंधरा वर्षांपूर्वी चित्रित झालेला, नट कुठल्या तरी दूरच्या शहरातले, आणि हात धुवायला या उठणार. खरं तर जुन्या सिनेमातली गर्दी बघून 'अरे, यांचे मास्क कुठायत?' असं माझ्याही मनात त्या काळात येऊन गेलंय. तुमच्याही आलं असेल. मनात येण्यात वावगं काहीच नव्हतं. मी कान टवकारले ते त्यांच्या उठण्याने.

"हात दाखवता का?"

त्यांनी हात कॅमेऱ्यासमोर धरले. आधी नुसता गुलाबी धूसर डाग, मग चित्र स्थिर झालं. बोटांच्या पेरांवर बारीक चिरा, दोन ठिकाणी सुकलेलं रक्त, अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी पापुद्र्यासारखी निघालेली. हात मागे घेताना त्या ओशाळून म्हणाल्या, की लॅपटॉपचं बटण चुकून दाबलं गेलं तर समजून घ्या, सॅनिटायझरने पुसून पुसून त्यावरची अक्षरं गेली आहेत.

त्या दिवसांत हात धुवा असं अख्खं जग सांगत होतं, आणि बरोबर सांगत होतं. या विषाणूवर मेदाचं आवरण असतं. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे धावतं, दुसरं मेदाला चिकटतं. हात चोळले की त्या ओढाताणीत आवरण फाटतं आणि विषाणू निकामी होतो. तळवे, मागची बाजू, बोटांमधल्या जागा, अंगठे, नखं या सगळीकडे फेस पोचायला किमान 20 सेकंद लागतात, म्हणून तो आकडा. पाणी-साबण हाताशी नसेल तेव्हा किमान 60 टक्के अल्कोहोलचा सॅनिटायझर. बस्स, यापलीकडे त्यात काही गूढ नाही. गरम पाण्याचीही गरज नसते, उलट त्याने कातडी जास्त कोरडी पडते. आणि चिरा पडलेल्या हातावर जंतूंना लपायला जागा जास्त मिळते. इतकं धुऊन मेधाताईंनी नेमकं तेच ओढवून घेतलं होतं.

त्या 20 पर्यंत मोजायच्या. मध्ये सासूबाईंनी हाक मारली, मन भरकटलं, आकडा चुकला की पुन्हा एकपासून. एकेका वेळेला सात-आठ मिनिटं. दिवसभराचा हिशोब मांडला तेव्हा अडीच तास भरले. वैद्यकीय निदानात रोज तासाभराहून जास्त वेळ अशा विचारांत आणि कृतींत जात असेल, तर तो मंत्रचळेपणाच्या आजाराचा, म्हणजे ओसीडीचा, एक ठळक निकष मानतात.

मी विचारलं, "हात स्वच्छ झाले, हे कशावरून ठरवता?"

बराच वेळ त्या बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "बरं वाटेपर्यंत धुते."

तिथे मला धागा सापडला. विषाणूचं काम 20 सेकंदांत तमाम झालेलं असतं. पुढची सात मिनिटं साबण छातीतल्या धडधडीसाठी चालू असतो, आणि तिला साबण लागू पडत नाही. तात्पुरतं बरं वाटतं, म्हणून पुढच्या वेळी मन तेच मागतं, आणि आधीपेक्षा थोडं जास्त मागतं.

आता माझी चूक सांगते, कारण ती चांगल्या हेतूने झाली आणि बऱ्याच घरांत अशीच होते. सिनेमाने त्यांना बरं वाटतंय, तर सिनेमाच वापरू या, असं मी ठरवलं. हात धुवायची ओढ आली की आवडता सिनेमा लावायचा, मन तिकडे वळवायचं. पहिला आठवडा छान गेला. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या यजमानांनी सत्रात डोकावून हसत हसतच सांगितलं, की हॉलमध्ये त्यांना आता प्रवेशबंदी आहे. मेधाताई आधी आंघोळ करायच्या, धुतलेले कपडे घालायच्या, रिमोट पुसायच्या, सोफ्यावर धुतलेली चादर टाकायच्या आणि मग सिनेमा लावायच्या. मध्ये कुणी खोलीत आलं तर तो सिनेमा 'बाटला', पुन्हा पहिल्यापासून. आणि मला त्यांनी विचारलं, "आज सिनेमा झाला नाही, तर रात्री झोप लागेल ना मॅडम?"

हा सूर माझ्या ओळखीचा होता. साबणाबद्दल बोलताना त्या अगदी याच सुरात बोलायच्या. मी त्यांच्या हातात दुसरी वडी दिली होती, एवढंच.

मग मी मनोविकारतज्ज्ञांना बरोबर घेतलं, ते खरं म्हणजे आधीच करायला हवं होतं. त्यांनी औषध सुरू केलं, त्वचेच्या डॉक्टरांनी हातांसाठी मलम दिलं. आणि आम्ही जी पद्धत धरली, तिची सुरुवात व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञाने 1966 मध्ये केली: ज्याची भीती वाटते त्याच्या समोर जायचं आणि नेहमीची सुटका करून घ्यायची नाही. सतत धुण्याची सवय जडलेल्या त्याच्या एका रुग्ण बाईच्या खोलीतलं पाणीच बंद केलं होतं म्हणे. एरवी धुणं थांबवा असं सांगता येतं. पण महामारीत नळ बंद करा असं कुठल्या तोंडाने सांगणार? म्हणून आम्ही आधी एक कागद केला. बाहेरून आल्यावर, शौचालयातून आल्यावर, स्वयंपाकाआधी, जेवणाआधी, शिंकल्या-खोकल्यावर, आजारी माणसाचं काही केल्यावर हात धुवायचेच. एकदा, मनात आकडे न मोजता, नळाजवळच्या घड्याळात बघून. मग मलम. जे धुणं आरोग्याचे जाणकार सांगत होते, त्यातलं एकही आम्ही कमी केलं नाही. कागदावर नव्हतं, ते मात्र सगळं बंद.

सिनेमाही बंद. हे त्यांना धुण्याहून जड गेलं, रागावल्याही माझ्यावर. न पुसलेला रिमोट हातात घ्यायचा, टीव्ही लावायचा नाही, नुसतं बसायचं आणि दर थोड्या वेळाने भीतीला शंभरपैकी गुण द्यायचे. पहिल्या दिवसाचा कागद त्यांनी फोटो काढून पाठवला होता. सुरुवातीला 80. दहा मिनिटांनी 90, आणि शेजारी लिहिलेलं, 'हे काय चाललंय'. पंचवीस मिनिटांनी 70. पुढच्या आकड्यावर रेघ मारून पुन्हा लिहिलेलं 70. पन्नास मिनिटांनी 40, त्याच्या खाली अक्षर जरा मोठं: 'धुतले नाहीत तरी कमी झालं?' त्या प्रश्नचिन्हावर आम्ही एक अख्खं सत्र बोललो.

पुढचं सरळ झालं नाही. डिसेंबरात नात्यात कुणी दगावलं आणि धुणं पुन्हा दीड तासावर गेलं. एप्रिल 2021 मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने सांगितलं, की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकापेक्षा कमी आहे. धोका मुख्यतः श्वासावाटे, हवेतून. मेधाताईंनी बातमी मला रात्री अकराला पाठवली. खाली लिहिलं होतं, 'म्हणजे आता चालेल ना?' सकाळी पुन्हा तेच. दुपारी पुन्हा. माहिती खरी होती, ती मी त्यांना एकदा नीट समजावली. दुसऱ्यांदा उत्तर दिलं नाही. दर दोन तासांनी मिळणारा दिलासाही साबणासारखाच वापरता येतो. घरच्यांनाही हेच सांगितलं, आणि त्यांना ते फार अवघड गेलं. 'अगं, काही होत नाही' म्हणणं प्रेमाचं असतं ना.

सारखे हात धुणाऱ्या आपल्या माणसाविषयी लोक मला अजून विचारतात, की ही काळजी की आजार? मी किती वेळा धुतात हे फारसं विचारत नाही. धुणं आपोआप संपतं का, की कुणीतरी संपवावं लागतं? मध्येच अडथळा आला तर पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं का? घरातल्या बाकीच्यांना नियम घातले गेलेत का? यांची उत्तरं ऐकली की बरंचसं कळतं, आणि ती आजाराकडे बोट दाखवत असतील तर उशीर न करता मनोविकारतज्ज्ञाला दाखवावं. आजार जुना होईल तसा उपचार लांबतो. सिनेमांचंही तसंच बघते. संपल्यावर माणूस उठून आपल्या कामाला लागतो का? लागत असेल तर नवव्यांदा बघा, खुशाल बघा. दिवसचे दिवस पडद्यासमोर पडून राहणं आणि हसूही न येणं ही वेगळी गोष्ट आहे. तिथे उदासीनता तपासावी लागते.

सिनेमा आम्ही परत आणला तो उन्हाळ्यात, औषध म्हणून नव्हे. आंघोळीची अट नाही, चादर नाही, यजमान सोफ्यावर, सासूबाई शेजारी, रिमोट ज्याच्या हातात असेल त्याच्या. मिठीचा प्रसंग आला की उठायचं नाही. पहिल्यांदा त्या उठल्या. दुसऱ्यांदा उठल्या आणि बेसिनपर्यंत जाऊन परत आल्या. सासूबाईंनी विचारलं, "काय गं, विसरलीस का काही?" त्या म्हणाल्या, "हो."

शेवटच्या सत्रात हातांचा विषय निघाला नाही. कॅमेऱ्यात दिसत होते, पेरांवर फिकट पांढरे वण, बाकी नेहमीसारखे हात. मीच विचारलं, "आठवड्यात काही पाहिलंत की नाही?"

"पाहिला ना एक. मध्येच थांबवला."

मी पेन उचललं.

"अहो, कंटाळा आला मॅडम," त्या म्हणाल्या. "फारच गोड होता."