एकच ओळ दोन-दोनदा वाचावी लागते, माझं काही चुकतंय का?

प्रश्न: कॉलेजात असताना मी पुस्तकांचा अक्षरशः फडशा पाडायचे. आता दिवसभर स्क्रीनवर मेल वाचून रात्री पुस्तक हातात घेतलं की चार पानांत लक्ष उडतं, तीच ओळ परत वाचते आणि पान संपल्यावर कळतं की डोक्यात काहीच शिरलेलं नाही. स्पीड रीडिंगचा कोर्स करू का?

उत्तर: कोर्स राहू द्या. आणि ओळ परत वाचणं ही चूक आहे असं ज्याने कुणी तुमच्या मनात भरवलंय ना, ते आधी काढून टाका. वाचताना डोळा ओळीवरून सरळ सरकत नाही, तो उड्या मारत जातो, एमिल जावाल या फ्रेंच नेत्रतज्ज्ञाने १८७० च्या दशकातच याबद्दल लिहून ठेवलंय. एकेका ठिकाणी डोळा साधारण पाव सेकंद टेकतो, मग पुढची उडी, आणि चांगल्या सरावलेल्या वाचकाच्याही शंभरातल्या दहा-पंधरा उड्या मागे जातात, कारण अर्थ निसटलेला असतो आणि तो परत पकडायचा असतो. स्पीड रीडिंगवरच्या संशोधनाचा वाचनाचे अभ्यासक मानसशास्त्रज्ञ कीथ रेनर आणि सहकाऱ्यांनी घेतलेला आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही हेच दिसलं की वेग फार वाढवला की समजणं कमी होतं.

मग वाचन सुधारतं कशाने? मला विचाराल तर विषयाची थोडी ओळख असण्याने, आणि याकडे फारसं कुणी बघतच नाही. १९८८ चा अमेरिकेतला एक अभ्यास आहे, सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं आणि मैदानाच्या छोट्या मॉडेलवर लाकडी खेळाडू हलवून काय घडलं ते दाखवायला सांगितलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल माहीत असलेली मुलं, वाचनात हुशार पण खेळ माहीत नसलेल्या मुलांच्या पुढे गेली!

माझंही असंच झालं होतं. समुद्रप्रवासाची एक कादंबरी तिसऱ्या प्रकरणात सोडून दिली होती, कंटाळवाणी आहे म्हणून. नंतर कधीतरी एका चिठ्ठीवर जहाजाचं चित्र काढलं, शीड कुठे, डोलकाठी कुठे, सुकाणू कुठे, नावं लिहिली आणि तीच चिठ्ठी बुकमार्क म्हणून ठेवली. ज्या वादळाच्या पानांवर मी अडकले होते तीच पानं श्वास रोखून वाचली, कारण आता दोर तुटला की काय कोसळणार हे मला दिसत होतं.

तेव्हा सुरुवात तुमच्या जवळच्या विषयापासून करा, मग तो बागकाम असो की क्रिकेट, आणि तिथून एकेक पाऊल लांब जा. जड पुस्तक घ्यायचं असेल तर आधी अनुक्रमणिका आणि प्रस्तावना चाळा, त्यात कोण-कुठे-कधी एवढं कळलं तरी पुरे. दुसरं म्हणजे रात्रीची वेळ बदला, दमलेल्या डोक्याने वाचून स्वतःला नावं ठेवू नका, सकाळची पंधरा मिनिटं बघा, फोन दुसऱ्या खोलीत. एखादा परिच्छेद शिरतच नसेल तर मोठ्याने वाचा, वाक्य कुठे तुटतं ते कानाला लगेच कळतं.

आणि पन्नासेक पानं मनापासून वाचूनही पुस्तक रुचलं नाही तर खुशाल खाली ठेवा. अर्धवट सोडलेल्या पुस्तकाचा अपराधीपणा घेऊन कितीतरी जण पुढचं पुस्तक उघडतच नाहीत, तुमच्या उशाशीही असं एखादं पडलेलं असेल तर आजच ते कपाटात परत ठेवा.