यादी माझ्याच हातात होती

"शेवटच्या क्षणी मी तिथे नव्हतो." परदेशात नोकरी करणारे माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा कधी ना कधी हे वाक्य निघतंच. पुढचा प्रश्नही ठरलेला असतो: ही बोच कधी जाते का? उत्तर देताना मला एक अधिकारी आठवतात. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून त्यांच्याबद्दल लिहिते आहे.

भारतीय परराष्ट्र सेवेतले हे गृहस्थ पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. युरोपातून सुट्टीवर पुण्याला आले होते. पत्नीने जवळजवळ ओढूनच आणलं होतं. "रात्री अडीच-तीनला उठून बसतात. विचारलं की 'काही नाही' म्हणतात," एवढं सांगून त्या बाहेर जाऊन बसल्या. साहेब शांत, प्रत्येक वाक्य तोलून बोलणारे. आईबद्दल विचारलं तर म्हणाले, "२०२० च्या जूनमध्ये त्यांचं दुःखद निधन झालं. वय अठ्ठ्याहत्तर."

दुःखद निधन. स्वतःच्या आईसाठी शोकसंदेशातले शब्द. मी वहीत तेवढेच दोन शब्द टिपून घेतले.

दुसऱ्या भेटीला ते उशिरा पोहोचले, म्हात्रे पुलावर गाड्या तुंबल्या होत्या म्हणून. बसता बसता त्यांनी विचारलं, "मॅडम, हा पूल कोणाच्या नावाचा, माहीत आहे?" वर्षानुवर्षं त्या पुलावरून जाते, पण मला सांगता आलं नाही. मग त्यांनी सांगितलं. रवींद्र म्हात्रे बर्मिंगहॅमच्या भारतीय कार्यालयात अधिकारी होते. ३ फेब्रुवारी १९८४ ला लेकीच्या वाढदिवसाचा केक घेऊन घरी निघाले असताना त्यांचं अपहरण झालं आणि दोन-तीन दिवसांतच त्यांना मारून टाकण्यात आलं. तिथून ते ७ जुलै २००८ च्या काबूलमधल्या भारतीय दूतावासावरच्या हल्ल्याकडे वळले, त्यात गेलेले तिथले अधिकारी व्यंकटेश्वर राव यांच्याबद्दल बोलले. वीस मिनिटं. तारखा पाठ, आवाज स्थिर. मग मी विचारलं, "आणि आई कशा गेल्या?" ते अर्ध्या मिनिटात आटोपलं.

हा कोरडेपणा नव्हता. त्यांच्या कामात मरण रोज टेबलावर येतं. आखातातल्या दूतावासात त्यांनी चार वर्षं काढली होती. तिथे एखादा कामगार गेला की मृत्यूची नोंद करायची, पासपोर्ट रद्द करायचा, ना-हरकत प्रमाणपत्र द्यायचं. मालक खर्च उचलत नसेल आणि घरची परिस्थिती बेताची असेल तर २००९ साली सुरू झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून पैसे उभे करायचे आणि पार्थिव गावाकडे रवाना करायचं. मधल्या काळात त्या माणसाच्या बायकोचे, भावाचे फोन घ्यायचे. आपला आवाज फुटला तर समोरच्याने कोणाकडे बघायचं? तो आवाज सांभाळण्याची सवय ही मी या लोकांची मोठी कमाई मानते. फक्त घरी आल्यावर ती कोटासारखी खुंटीला टांगता येत नाही.

तिसऱ्या भेटीत खरी गोष्ट बाहेर आली. मार्च २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं बंद झाली आणि ७ मे पासून परदेशात अडकलेल्या भारतीयांना घरी आणणारी 'वंदे भारत' मोहिमेची विमानं सुरू झाली. जागा शे-दीडशे-दोनशे आणि नावं नोंदवणारे हजारोंनी. कोणाला आधी पाठवायचं ते दूतावासात ठरत होतं: गरोदर बायका, आजारी माणसं, नोकरी गेलेले, घरी कोणी गेलंय किंवा जाण्याच्या वाटेवर आहे असे. ही यादी करणाऱ्यांपैकी ते एक होते. त्याच आठवड्यात आईने अंथरूण धरलं.

"यादी माझ्याच हातात होती, मॅडम. माझं नाव मी त्यात घातलं नाही."

'तुमची काही चूक नव्हती' हे त्यांना सगळ्यांनी सांगून झालं होतं. ते वाक्य कधीच पोहोचत नाही, म्हणून मी ते म्हटलं नाही. त्या विमानात कोण कोण होतं, एवढंच विचारलं. त्यांना आठवत होतं. सात महिन्यांची गरोदर मुलगी, डायलिसिसवरचे एक काका, बाप गेलेला एक पोरगा. "यातलं कोणाचं नाव खोडलं असतं?" बराच वेळ ते खिडकीकडे बघत राहिले. "कोणाचंच नाही."

मग हळूच म्हणाले, "पण आई 'काम सोडून येऊ नकोस' म्हणाली आणि मला हायसं वाटलं."

रात्री अडीचला उठवत होतं ते हे. यादीचा अपराध त्यांनी पुढे धरला होता, कारण तो कर्तव्याच्या भाषेत मांडता येत होता. मी एवढंच म्हटलं, की थकलेल्या माणसाला हायसं वाटणं हा गुन्हा नाही. आणि गुन्हा नसला तरी हळहळ उरते. ती उरणारच, तिला गुन्ह्याचं नाव देऊ नका.

एक गोष्ट त्यांनी जाता जाता सांगितली. त्यावरच आम्ही सर्वांत जास्त थांबलो. इटलीत नेमणूक असताना ते कॅसिनो गावातल्या, दुसऱ्या महायुद्धाच्या स्मारकावर पुष्पचक्र वाहायला गेले होते. कबर सापडली नाही अशा सैनिकांची नावं तिथे कोरलेली आहेत. त्यात माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे आहेत, १० जुलै १९४४ ला पडलेले, व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटिशांच्या सर्वोच्च शौर्यपदकाचे मानकरी. ते नाव वाचताना साहेबांचे पाय लटपटले. "मनात आलं, या पोराच्या वतीने, त्याच्या घरच्यांच्या वतीने मी इथे उभा आहे. माझ्या आईपाशी माझ्या वतीने कोण होतं?"

केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ साली एका प्रकारच्या दुःखाकडे लक्ष वेधलं होतं: जे उघडपणे करण्याचा हक्क माणसाला मिळत नाही, ते दुःख. इथे तो हक्क साहेबांनी स्वतःच स्वतःला नाकारला होता. 'वतीने' हा त्यांच्या पेशाचा शब्द. देशाच्या वतीने, सरकारच्या वतीने, अनोळखी कुटुंबांच्या वतीने ते पंचवीस वर्षं उभे राहिले. आणि त्यांच्या वतीने धाकटा भाऊ उभा होता, हे मात्र त्यांनी कधी मोजलंच नव्हतं. त्या रात्री काय झालं, हे भावाला तीन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. लाज वाटत होती. पैसे मात्र वेळेवर जात होते.

मी एकच काम दिलं. भावाकडे जा, त्या दिवसाची सकाळपासूनची हकीकत विचारा, आणि मध्ये बोलू नका. माफीही मागू नका. माफी मागितली की समोरचा समजूत काढायला लागतो आणि सांगायचं राहून जातं.

(तुमच्या घरात असं कोणी असेल आणि झोप, भूक उडून जगण्यातला रसच गेला असेल, तर भावाबहिणीची वाट बघू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे, तिथे मराठीत बोलता येतं.)

महिन्याभराने ते नेमणुकीच्या जागेवरून व्हिडिओवर भेटले. भाऊ आधी भडकला होता. "तू आला नाहीस त्याचा राग नाही, पण अंत्यसंस्काराला वीसच माणसांची परवानगी, खांद्याला चार जण शोधताना माझी काय गत झाली ते तू विचारलं नाहीस." मग तो तासभर बोलला. शेवटच्या संध्याकाळी आईने चहा मागितला, दोन घोट घेतले. मग नेहमीचं विचारलं, "तिकडे किती वाजले?" भाऊ म्हणाला, सात. त्यावर ती म्हणाली, "मग हापिसातच असेल अजून. जेवला नसेल."

साहेबांनी चष्मा काढला. मी काहीच बोलले नाही.

"खरंच ऑफिसात होतो, मॅडम. यादी करत होतो."